चार लाख बारा हजार एकशे त्रेसष्ट

पिशव्या एकूण चारशे चोवीस होत्या. त्यांतल्या चारशे एक भरलेल्या, प्रत्येकीत बरोबर हजार तुकडे. उरलेल्या तेवीस अर्धवट, तेवीस रंगांची प्रत्येकी एक, आणि त्या तेवीसांत मिळून अकरा हजार एकशे त्रेसष्ट. भिंतीवरच्या चित्रात बसवायचे काचेचे चौकोनी तुकडे, करंगळीच्या नखापेक्षा लहान; तुकडा आणि त्याच्याभोवतीची फट धरून पाच मिलिमीटर. सगळे मिळून चार लाख बारा हजार एकशे त्रेसष्ट. काकींनी हा आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली, रेघेखाली सही केली आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता वही मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

सव्वातीनला त्यांना बोलावणं आलं.

"या काकी, बसा," मॅनेजर म्हणाला. तो पस्तिशीचा होता. आठ वर्षांपूर्वी कारखान्यात आला तेव्हा मोजणीची पाटी कशी धरायची हे काकींनीच त्याला शिकवलं होतं. पाटीला पंचवीस ओळी, ओळीत चाळीस खळगे; वर मूठभर तुकडे टाकायचे, पाटी हलवायची, प्रत्येक खळग्यात एक तुकडा बसला की उरलेले ब्रशने झाडायचे. हजार झाले. पहिल्याच दिवशी त्याने पाटी उपडी केली होती आणि सगळी मोजणीची खोली गुडघ्यांवर रांगत होती.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

"काय एक?"

"तुकडा."

काकींना वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे बघा. तुमच्या आकड्याचं वर्गमूळ काढलं. सहाशे बेचाळीस, पॉइंट शून्य शून्य. म्हणजे सहाशे बेचाळीस ओळी, ओळीत सहाशे बेचाळीस तुकडे. पटलं? आता उलटा गुणाकार. सहाशे बेचाळीस गुणिले सहाशे बेचाळीस. किती आले?"

स्क्रीनवर ४,१२,१६४ होते.

"तुमचे त्रेसष्ट," मॅनेजर म्हणाला. "पाहिजेत चौसष्ट."

"चित्र चौरस आहे असं कोणी सांगितलं?"

"काकी, एकतीस वर्षं आहात तुम्ही इथे. चौरस नसलेलं एक तरी चित्र गेलंय आपल्या दारातून?"

गेलं नव्हतं. मालकांच्या वडिलांनी पहिली भिंत चौरस केली, ती गाजली, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकंही चौरसच मागत आली. कारखान्यात लांबी-रुंदी विचारायची पद्धतच उरली नव्हती. किती तुकडे ते विचारायचं, वर्गमूळ काढायचं, बाजू मिळाली. एकतीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

"यादीत जेवढे होते तेवढे मोजलेत मी," काकी म्हणाल्या. "तेवीस रंग, तेवीस आकडे. यादी बघा."

"यादी तुमच्याच हातची आहे. चित्रकाराच्या कागदावरून तुम्ही उतरवलेली. त्याचा कागद तो घेऊन गेला, आणि आता दवाखान्यात पडलाय, पंधरा दिवस फोन बंद. उतरवताना एखाद्या रंगात एक इकडचा तिकडे झाला असेल. होतं माणसाकडून."

"माझ्याकडून नाही होत."

"नव्या ग्रंथालयातल्या मिस्त्रीलाही फोन लावला होता मी. चित्रासाठी भिंतीत ठेवलेली खाच केवढी आहे, विचारलं. तीनशे एकवीस सेंटिमीटर म्हणाला, चौरस. पाच मिलिमीटरने भागा. सहाशे बेचाळीस." त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "इथे सही करा म्हणजे विषय संपला."

काकींनी कागद वाचला. मोजणी विभागाच्या प्रमुखांच्या नजरचुकीने एक तुकडा कमी भरला गेला, ही चूक त्या मान्य करतात, आणि वाढतं वय पाहता निवृत्तीपर्यंत उरलेले चार महिने त्या पॅकिंग विभागात काम करतील. खाली तारीखही आधीच टाकलेली होती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'नजरचूक' वाचून नव्हे, 'वाढतं वय' वाचूनही नव्हे. तारीख पाहून. म्हणजे हा कागद वही टेबलावर येण्याआधीच तयार होता की काय? मग लक्षात आलं, नाही. पंधरा मिनिटांत केलाय. एकतीस वर्षांना पंधरा मिनिटं.

"सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"एका तुकड्यासाठी एवढा तमाशा कशाला, काकी?"

"एका तुकड्याचा तमाशा तुम्ही मांडलाय. मी चार लाखांचा हिशेब दिलाय."

मॅनेजर उठला आणि सरळ मोजणीच्या खोलीत गेला. काकी मागोमाग. तिथे काकींच्या हाताखालची बाई पिशव्यांची तोंडं बांधत होती. जास्तीचा तुकडा पाटीवरून बोटाने उडवायची तिला सवय, म्हणून सगळे तिला टिचकी म्हणत. मॅनेजरने गडद निळ्याची अर्धवट पिशवी उघडली. चिठ्ठीवर सहाशे अठरा लिहिलेलं होतं. त्याने मांडणीवरच्या डब्यातून एक निळा तुकडा उचलला, पिशवीत टाकला आणि पेनने आठाचा नऊ केला.

"झालं," तो म्हणाला. "आभाळाचा रंग आहे, कुठेही खपेल."

काकींच्या मोजलेल्या पिशवीत न मोजलेला तुकडा टाकणं म्हणजे त्यांच्या ताटात कोणी हात घालण्यासारखं होतं.

"काढा तो बाहेर," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे टिचकी आणखी घाबरली.

"सोमवारी माल भिंतीवर जातोय. त्याआधी सही झाली तर ठीक, नाही तर सोमवारपासून या खोलीची किल्ली टिचकीकडे."

"मला नको," टिचकी पटकन म्हणाली. "मला साधी घरची किल्ली सापडत नाही, साहेब."



*

रविवारी सकाळी काकींनी आधी गॅसची शेगडी घासली, मग खिडक्यांच्या काचा, मग ज्या भांड्यांना महिनाभर कोणी हात लावला नव्हता ती भांडी. लेक बाहेर आली तेव्हा त्या किटलीच्या बुडाशी भांडत होत्या.

"आई, किटलीने काय केलंय?"

"तू बोलू नकोस."

लेक मोजमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांच्या मोजपट्ट्या आणि वजनं खरी आहेत की नाहीत हे सांगायचं तिचं काम, आणि घरी तिच्या या कामाची थट्टा करायचं आईचं. आज आईने थट्टा केली नाही. शुक्रवारचं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? रात्रभर मलाच वाटत राहिलं, खरंच एक सुटला असेल तर? त्या मेल्याने माझ्या डोक्यात घातलंय ते."

"यादी पडताळली होतीस?"

"दोनदा. टिचकीने मोठ्याने वाचली, मी बघितली. मग मी वाचली, तिने बघितली."

लेकीने मोबाइलवर आकडा घातला. "वर्गमूळ सहाशे बेचाळीस नाहीचे. सहाशे एकेचाळीस पॉइंट नऊ नऊ नऊ दोन. तुमच्या साहेबांचा संगणक दोनच घरं दाखवतो, म्हणून शून्य शून्य दिसलं."

"म्हणजे मी बरोबर?"

"नाही. म्हणजे आकडा पूर्ण वर्ग नाही. एक कमी आहे म्हणूनच नाही. त्याचं म्हणणं तसंच राहतं."

"मग कशाला सांगितलंस?" काकी कडाडल्या. "तुम्ही शिकलेली माणसं निम्मंच सांगता आणि वर तोंड करून उभी राहता!"

लेकीने शिवणाच्या कपाटातला बटणांचा डबा आणला. आई चिडली की तिच्या हातांना काहीतरी द्यायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. टेबलावर तिने बटणं मांडली, सात ओळी, ओळीत सात. मग उजव्या कोपऱ्यातलं सगळ्यात खालचं बटण उचलून घेतलं.

"ही त्याची भिंत. सात सत्ते एकोणपन्नास, आणि एक गायब. अठ्ठेचाळीस. आता पुढे..."

पण काकी ऐकत नव्हत्या. खालच्या ओळीत सहाच बटणं होती आणि शेवटची जागा मोकळी. पाटीवर अशी अर्धी ओळ दिसली की त्यांच्या हाताला राहवत नसे. इतक्या वर्षांत एकही अपुरी ओळ त्यांनी पाटीवर राहू दिली नव्हती. त्यांनी ती सहा बटणं तळहाताने रागाने ओढली आणि वरच्या सहा ओळींच्या शेजारी, एकेका ओळीला एक अशी उभी लावली.

सहा ओळी. प्रत्येकीत आठ. एकही जागा रिकामी नाही, एकही बटण शिल्लक नाही.



"परत कर," लेक म्हणाली.

काकींनी दहा दाही शंभर मांडली, कोपऱ्यातलं एक काढलं, खालची नऊ उचलून बाजूला उभी केली. नऊ ओळी, ओळीत अकरा. मग पाच पंचे पंचवीसमधून एक काढलं. चार ओळी, ओळीत सहा. दर वेळी चौरसातला एक काढला की तो चौरस मोडायचा आणि पूर्ण आयत व्हायचा. एक बाजू एकाने कमी, दुसरी एकाने जास्त.

"म्हणजे त्याच्या भिंतीत..." काकी म्हणाल्या.

"सहाशे एकेचाळीस गुणिले सहाशे त्रेचाळीस." लेकीने कागदावर हाताने गुणाकार केला, मोबाइलला हात लावला नाही. ४,१२,१६३. "आई, एकही कमी नाही. भिंत चौरस नसेल तर एकही कमी नाही."

काकी खुर्चीत टेकल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

"पण तो म्हणेल, तुम्ही जुळवून आणलंत," त्या म्हणाल्या. "म्हणेल, आकड्यांचं काय, पाहिजे तसे आयत करता येतात. दोनाने भागा, तिनाने भागा, रोज नवी भिंत."

"विषम आहे, दोनाने जात नाही. अंकांची बेरीज सतरा, तिनाने जात नाही. शेवटी तीन आहे, पाचाने जात नाही. साताने भागलं तर बाकी तीन."

"आणि पुढे?"

"पुढे फक्त अविभाज्य संख्यांनी भागून बघायचं. सहाशे एकेचाळीसच्या आधी अशा एकशे पंधरा आहेत."

"मग भाग."

"आई, संगणकावर एका सेकंदात..."

"संगणकाने मला शुक्रवारी चोर केलंय. कागदावर भाग. प्रत्येकाची बाकी लिही. एकही सुटता कामा नये."

एक तास पन्नास मिनिटं लागली. लेक भागत होती, काकी उलटा गुणाकार करून बाकी पडताळत होत्या. मध्ये एकदा लेकीने चारशे एकोणीस गाळला. काकींनी तिच्या मनगटावर पेन्सिल मारली. शेवटी चार ताव भरले. एकशे पंधरा भागाकार, आणि एकही बाकी शून्य नाही. मग सहाशे एकेचाळीस, आणि बाकी शून्य. भागाकारात आलेल्या सहाशे त्रेचाळीसलाही पुढे कशानेच भाग जात नव्हता.

"म्हणजे या आकड्याचा आयत एकाच तऱ्हेने होतो," लेक म्हणाली. "दुसरी तऱ्हा एकच, सगळे तुकडे एका ओळीत. दोन किलोमीटर साठ मीटर लांब भिंत, उंची पाच मिलिमीटर. तुमच्या साहेबांना विचार, चालेल का."

काकी हसल्या, पण राग हसण्यात गेला नाही. उलट आता त्याला कुठे जायचं ते कळलं होतं.

"तू म्हणतेस ते खरं असेल तर खाचेची एक बाजू किती, दुसरी किती?"

"तीन हजार दोनशे पाच मिलिमीटर आणि तीन हजार दोनशे पंधरा."

"आणि तो खरा असेल तर?"

"दोन्ही तीन हजार दोनशे दहा. फरक एका बाजूला पाच मिलिमीटरचा. डोळ्यांना दिसणार नाही."

"तुझ्याकडे ती पोलादी टेप आहे ना, महिन्यामहिन्याला तपासतात ती?"

"ती घरी आणायची परवानगी नसते."

काकींनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"उद्या सकाळी आठला लिहून घेते," लेक म्हणाली. "दुपारपर्यंत परत पाहिजे मला."

*

सोमवारी मोजणीच्या खोलीच्या दारात काकींना पहारेकऱ्याने अडवलं. नजर जमिनीवर ठेवून त्याने सांगितलं, साहेबांनी पॅकिंगमध्ये पाठवायला सांगितलंय. काकी त्याच्यावर चिडल्या नाहीत. वळल्या, रस्त्यावर आल्या आणि बसने थेट नव्या ग्रंथालयावर गेल्या.

जिन्याच्या मोठ्या भिंतीत चित्रासाठी खाच ठेवलेली होती. खाली गाडीतून पिशव्या उतरत होत्या आणि मॅनेजर फाइल काखेत घेऊन मोजत होता, किंवा मोजल्यासारखं करत होता. मिस्त्री घोडीवर बसून प्लास्टरची कड घासत होता.

"काकी?" मॅनेजर म्हणाला. "तुम्ही इथे कशा? सही करायला आलात?"

"हो. कागद आणलाय का?"

त्याने फाइल उघडली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं होतं.

"थांबा," काकी म्हणाल्या. "आधी खाच मोजू. दोन्ही बाजू तीन हजार दोनशे दहा मिलिमीटर निघाल्या, तर इथेच तुमच्या कागदावर सही करते, आणि उद्यापासून पॅकिंगमध्ये खोके चिकटवते. तोंडातून शब्द काढणार नाही."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर एक बाजू तीन हजार दोनशे पाच निघेल आणि दुसरी तीन हजार दोनशे पंधरा. तिसरं काही निघणारच नाही. माझ्या आकड्याचा दुसरा आयतच होत नाही. हे घ्या चार ताव, वाचत बसा."

मॅनेजरने ताव चाळले. "हे काय आहे?"

"एकशे पंधरा भागाकार. तुम्ही पंधरा मिनिटांत माझं वय काढलंत. मी सबंध सकाळ घालवून तुमची भिंत काढली."

"काकी, डोळ्यांसमोर चौरस आहे ती खाच! आंधळ्यालाही दिसेल!"

"मग टेप लावायला भीती कसली?"

मिस्त्री घोडीवरून खाली बघत होता. "मला कशाला मध्ये घेता?" तो म्हणाला. "फोनवर मी अंदाजाने सांगितलं होतं. तीनशे वीस-एकवीस, असं म्हणालो मी. कापडी टेप आहे माझी, ओढाल तेवढी वाढते."

"वीस-एकवीस?" काकी मॅनेजरकडे वळल्या. "आणि चौरस? तेही ते म्हणाले?"

"ते साहेबांनी विचारलं," मिस्त्री म्हणाला. "चौरसच ना, म्हणाले. मी म्हटलं, दिसते तर चौरस."

इतका राग काकींना शुक्रवारीही आला नव्हता. यादी पडताळायला दोन माणसं, दोन वेळा. भिंतीला एक माणूस, एक फोन, आणि उत्तरही विचारणाऱ्यानेच दिलेलं.

"तुम्ही भिंतीला विचारलंच नाहीत," त्या म्हणाल्या. आता आवाज चढला होता आणि जिन्यावरचे रंगारी थांबून बघायला लागले होते. "स्वतःलाच विचारलंत आणि स्वतःच हो म्हणालात. आणि त्या जोरावर माझ्या पिशवीत हात घातलात! माझ्या चिठ्ठीवरचा आकडा खोडलात! मी मोजते तेव्हा माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, म्हणून दोनदा मोजते. तुम्ही कोण मोठे लागून गेलात न मोजता सांगणारे?"

"सगळ्यांसमोर ओरडू नका, काकी."

"पिशवीत हात सगळ्यांसमोर घातलात ना? मग ऐका सगळ्यांसमोर."

मॅनेजरने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. "मोज रे," तो मिस्त्रीला म्हणाला. "एकदाची मोज. आणि नीट वाच, नाहीतर पुन्हा वीस-एकवीस म्हणशील."

काकींनी पिशवीतून पोलादी टेप काढली. तिच्या डबीवर तपासणीची चिठ्ठी होती, त्यावर तारीख आणि लेकीची आद्याक्षरं. एक टोक एका रंगाऱ्याने धरलं, दुसरं मिस्त्रीने. टेप ढिली राहू नये म्हणून काकींनी ती मध्ये बोटाने दाबून बघितली, एकदा परत ओढायला लावली, आणि मगच वाचायला सांगितलं. प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजायची, असं त्यांनी ठरवून दिलं. मॅनेजर मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक आकडा स्वतः बघत होता. त्याच्या हातात पेन होतं, आणि आकडे लिहायला दुसरं काही हाताशी नसल्यामुळे तो ते त्याच टाइप केलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहीत होता.

रुंदी, वर, मध्ये आणि खाली: तीन हजार दोनशे पाच मिलिमीटर.

उंची, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे: तीन हजार दोनशे पंधरा.